सात खड्यांचं पाल

सोनबा सणगराला राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या वर्षीच्या गुढीपाडव्यानंतर मात्र कारण मिळालं, आणि चांगलं भरभक्कम मिळालं.

सोनबा इंदापूरचा. घोंगड्या विणणारी घरं गावात आणखीही होती, पण भीमेपासून नीरेपर्यंत कुणाला चांगली घोंगडी हवी असली की तो सोनबाचंच दार विचारीत यायचा. घरात शिरलं की डाव्या हाताला जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून सोनबा बसलेला आणि समोर माग. याच खड्ड्यात त्याचा बाप बसला होता, आजा बसला होता. आपली घोंगडी कशी ओळखायची हे सोनबा गिऱ्हाइकाला स्वतःच शिकवायचा. टिचकी मारायची. पापडासारखी वाजली तर सोनबाची, नाही वाजली तर मग कुणाची का असेना. हा आवाज खळीचा. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली खळ सुतावर कुंच्यानं चढवली की लोकर कडक होते. बाकीचे सणगर खळीचा एक हात देत, सोनबा दोन हात द्यायचा. नवी घोंगडी बाजारात उभी केली तर उभी राहिली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. स्वभावातही त्याच्या खळ जरा जास्तच पडली होती, हे त्याच्या बायकोचं, फुलाबाईचं म्हणणं. पण ते ती शेजारणीला सांगायची, त्याला नाही.

सणसरच्या शिवारात आप्पासाहेबांची बागायत होती. कालव्याच्या पाण्यावर वांगी, भोपळे, भुईमूग, कडेनं पेरूची झाडं. माल बारामतीच्या बाजाराला जायचा. बागायत आली तशी रानडुकरंही आली. रात्रीतून भुईमुगाचा वाफाच्या वाफा नांगरून ठेवायची. म्हणून पाडवा झाला, माळावरची पाणवठी आटली आणि एकदोनच उरली, की आप्पासाहेब दुनळी बंदूक घेऊन तरसमाळाकडं निघायचे. तिकडं गाडीवाट नाही. तीन दिवसांचा मुक्काम, आणि जे काय न्यायचं ते माणसाच्या खांद्यावर.

आप्पासाहेबांच्या वडलांपासून एक रिवाज चालत आला होता. शिकारीला निघण्याआधी सोनबाच्या घरची नवी घोंगडी त्या घरी जायची. मालकानं ती खांद्यावर टाकायची, सोनबाच्या हातात नारळ द्यायचा, आणि मगच उंबरा ओलांडायचा. रात्री तीच अंगावर, तीच अंथरायला, आणि वारा सुटला तर दोन काठ्यांवर टाकून तिचाच आडोसा. सोनबा त्या नारळाला जपायचा. तो फोडायचा नाही. वर्षभर देवळीत ठेवून पुढच्या पाडव्याला फोडायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा.

त्या पाडव्यानंतर तो घोंगडी घेऊन सणसरला पोचला, तर वाड्यापुढच्या अंगणात एक खाकी तंबू उभा. आप्पासाहेबांचे मेव्हणे मोहनराव पुण्याहून आले होते. लढाईच्या काळात ते खडकीला लष्कराच्या कोठारात कारकून होते आणि लढाई त्यांनी तेवढ्यापुरतीच बघितली होती, पण बोलणं सुभेदाराचं. तंबू त्यांनीच लष्कराच्या लिलावातून आणला होता, कोठारातल्या डांबरगोळ्यांचा वास त्याला अजून येत होता. सहा कळक, चोवीस लोखंडी मेखा, मेखा ठोकायला घण, वर दोरखंडाचं वेगळं गाठोडं. आत माणूस ताठ उभा राहू शकतो, हे ते दर येणाऱ्याला आत उभे राहून दाखवत होते.

आप्पासाहेबांनी सोनबाला बसायला सांगितलं, चहा मागवला, पण घोंगडीकडं त्यांचा हात गेला नाही. ते भिडस्त माणूस होते. अडखळत म्हणाले, की या साली पाहुण्यांनी एवढी हौसेनं सोय केली आहे, तेव्हा घोंगडी राहू द्या. तेवढ्यात मोहनरावांनी घोंगडीला टिचकी मारली. ती वाजली. ते हसले आणि म्हणाले, की छान आहे, म्हाताऱ्या माणसांना पांघरायला बरी.

सोनबानं चहाचा कप खाली ठेवला. अंगणात भाजीच्या पाट्या भरणारी दहाबारा माणसं होती. माग काढणारा सिद्धू धनगर दाराशी टेकून उभा होता. या सगळ्यांदेखत सोनबा बोलला.

"आप्पासाहेब, तुमचा तंबू बी येऊ द्या, माजं घोंगड्यांचं पाल बी येऊ द्या. मी सोता संगं येतो, माजं वझं माज्या खांद्यावर. तीन दिस माळावर काढू. तुमचा तंबू सरस ठरला, तर मागाचा खड्डा मी ह्या हातानं बुजवतो."

आप्पासाहेब नको नको म्हणत राहिले. सोनबा निघूनही गेला होता.

घरी येऊन त्यानं फुलाबाईला सगळं सांगितलं, म्हणजे आपण काय काय बोललो तेवढंच सांगितलं. ती चरख्यावर लोकर कातत होती. तिचा हात थांबला.

"खड्डा तुमच्या येकट्याचा हाय व्हय?" ती म्हणाली.

सूत ती काते, खळ ती शिजवी, दोन घोंगड्या जोडायच्या तर टाके ती घाली. खड्डा बुजला तर तिच्याही हाताला काही उरत नव्हतं. बोलण्यात अडला की सोनबा कामाला लागे. तो खड्ड्यात उतरला आणि आठ दिवसांत त्यानं दोन घोंगड्या विणून काढल्या. काळ्याभोर, काठाला पांढरी रेघ. खळीचे दोन हात तो नेहमी देई, या खेपेला त्यानं तीन दिले. फुलाबाईनं दोन्ही घोंगड्या जोडून पाल शिवलं, पण शिवताना एकदा बोललीच. पाल पांघरायच्या घोंगडीसारखं नसतं. त्यातली खळ काढून टाकावी, नदीवर नेऊन तुडवावी, आपटावी, लोकर मिळून येऊ द्यावी. खळ पाणी पिते.

सोनबाला हे ऐकवेना. खळ काढलेली घोंगडी म्हणजे वापरलेली घोंगडी. ती वाजत नाही, उभी राहत नाही, पोतेऱ्यासारखी लोळते. लोकांपुढं असलं जुनेरं न्यायचं? मालकाच्या दारात सणगरानं जुनं न्यायचं म्हणजे नवरदेवानं धुतलेल्या धोतरात बोहल्यावर चढायचं. त्यानं तिला सांगून टाकलं, की शिवायचं तुझं काम, बाकी माझं. फुलाबाईनं मान डोलावली. तीस वर्षांच्या संसारात ती जेव्हा जेव्हा अशी गुमान मान डोलवी, तेव्हा तेव्हा काहीतरी तिच्याच मनासारखं होई. सोनबाच्या हे अजून ध्यानात आलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी तिनं पाल घडी घालून, गोणपाटात गुंडाळून, दोरीनं करकचून बांधून त्याच्या खांद्यावर दिलं. तोंडाला गाठ अशी मारली होती की वाटेत कुणी उघडून बघू नये. ओझं सोनबाला हलकं लागलं. त्याला वाटलं, ईर्ष्या अंगात असली की ओझं जाणवत नाही.

सणसरला आप्पासाहेबांनी भाजी तोलायची मोठी तागडी लावली. दोन्ही ओझी तोलून मगच निघू, अशी मोहनरावांचीच अट. तंबू, कळक, मेखा, घण, दोरखंड मिळून सव्वा मण भरला. तो वाहायला दोन गडी घेतले. सोनबाचं गाठोडं पाच शेर भरलं. सोनबा मनात चपापला, कारण त्याच्या अंदाजानं नऊ शेराच्या खाली येत नव्हतं. पण आपल्या बाजूचा निकाल कोण तपासतो? तागडीवाल्यानं आपला मान राखला असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

सिद्धू पुढं, मग आप्पासाहेब दुनळी घेऊन, मग मोहनराव, मग सोनबा, आणि शेवटी कण्हत-कुथत ते दोन गडी. चैत्रातलं ऊन, गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनच बोरी-बाभळी. पहिल्या कोसात गडी दोनदा बसले, दुसऱ्यात चारदा. तिसऱ्याला मोहनरावांनी एक कळक स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. सोनबा मुद्दाम पुढं जाऊन झाडाखाली थांबे आणि मागून येणाऱ्यांना पाणी विचारी. असा आनंद त्याला कैक वर्षांत झाला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी ते तरसमाळावर पोचले. खाली ओढ्याच्या वळणात एकच डबकं उरलेलं, त्याच्या ओल्या काठावर डुकरांच्या खुरांची दाटी. मोहनरावांनी तंबूला उंचवट्यावरची सपाट जागा निवडली, तिथून सगळं दिसतं म्हणून. घण मेखांवर पडू लागला. खाली मुरूम, त्याखाली कातळ. चोवीस मेखांपैकी नऊ वाकल्या. तो ठणठणाट पार क्षितिजापर्यंत जात होता आणि सिद्धू कानांवर हात ठेवून बसला होता.

सोनबानं ऐटीत आपल्या गाठोड्याची गाठ सोडली. सुटेना, म्हणून दातांनी सोडली. गोणपाट उलगडलं आणि तो तसाच बसून राहिला.

आत नवं पाल नव्हतं. आत जत्रेचं पाल होतं. बारा वर्षं तो आणि फुलाबाई बाजारांना, जत्रांना घोंगड्या घेऊन फिरत, तेव्हा रात्री अंग टाकायला आणि दिवसा माल झाकायला तिनं घरातल्या दोन जुन्या घोंगड्या जोडून शिवलेलं. काळा रंग उडून तांबूस झालेला, एका बाजूला ठिगळ, दुसऱ्या बाजूला चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक रफू केलेलं. खळ त्यातून कधीच निघून गेली होती. टिचकी मारली असती तर बोट नुसतं रुतलं असतं.

मोहनराव घण टाकून आले. त्यांनी बघितलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "सोनबा, यासाठी खड्डा पणाला लावलात होय?"

सोनबाला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. बायकोनं पाल बदललं असं सांगावं तर आणखी हसं. न सांगावं तर हे फडकं आपणच निवडलं असा अर्थ. त्यातल्या त्यात दुसरं बरं, म्हणून तो गप्प राहिला. पण मनात त्यानं फुलाबाईला जे जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पुढची फजिती याहून मोठी होती. पाल ठोकायचं कसं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं बाजारात पोचलं की तो पुढं घोंगड्या मांडून बसायचा आणि टिचकी मारून बघा म्हणून ओरडायचा. मागं वळून बघावं तर पाल उभं असायचं. ते उभं कोण करतं, कसं करतं, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. आता त्यानं पाल चाचपलं, तर कडेला गारगोट्या लागल्या. घोंगडीच्या काठात एकेक खडा गुंडाळून, बाहेरून दोरीची फास-गाठ मारलेली. मेख मारायला लोकरीला भोक पाडलं की ती तिथून उसवते. खडा गुंडाळून बांधला तर कितीही ओढा, फाटत नाही. त्यानं मोजले. चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंच्या मध्याला दोन, आणि मागच्या काठाला एक. सात. दोरीही नवी होती, सात तुकडे, प्रत्येक सारख्या लांबीचा. म्हणजे तिनं हे काल-परवा बसून केलं होतं.

मग त्याला एकेक आठवू लागलं. ती आधी मूठभर धूळ सोडून वारा बघायची. पाठ वाऱ्याकडं, तोंड उताराकडं. उंचावर कधीच नाही. एखाद्या बोरीच्या आडोशाला, आणि इतकं बुटकं की रांगत आत जावं लागे. त्यावरून तो तिला कितीदा बोलला होता. त्यानं स्वतःची आणि सिद्धूची अशा दोन काठ्या रोवल्या, मधून दोरी ओढली, पाल टाकलं, सात दोऱ्या बोरीच्या बुडख्यांना आणि मोठाल्या धोंड्यांना बांधल्या. घणाचा आवाज नाही, मेख नाही. तंबू अजून अर्धा उभा होता तोवर सोनबा आत जाऊन पडलाही होता, आणि रागानं धुसफुसत होता.

त्या संध्याकाळी डुकरं आली नाहीत. पहाटेही आली नाहीत. उजाडल्यावर सिद्धू माग बघून आला आणि आप्पासाहेबांपुढं उकिडवा बसला.

"कळप आलता," तो म्हणाला. "तंबूपासनं दोनशे पावलांवर थबाकला. डांबरगोळ्यांचा वास घेतला आन् माघारी फिरला. पर येक मोठा येकांडा डुक्कर हाय, त्यो सोनबाच्या पालाला घासून गेलाय. ईस पावलं बी न्हाईत. त्याला वाटलं, मेंढरं बसल्यात."

आप्पासाहेबांनी पालाकडं बघितलं. तांबूस, बुटकं, बोरीच्या सावलीत; बसलेल्या मेंढरांचा वाडा म्हणावा असंच ते दिसत होतं, वासही तोच. मोहनरावांनी तंबूला उघड्यावर हवा लावली, बाजू वर बांधल्या, पण डांबरगोळ्यांचा वास कापडात मुरलेला. दुपारी आप्पासाहेब दुनळी आणि काडतुसांचा पट्टा घेऊन पालात आले. मोहनराव तंबूतच राहिले. त्यांना पाय लांब करायची सवय होती.

चारच्या सुमारास वारा पडला. गवताची काडी हलेना. सिद्धूनं मावळतीकडं बघितलं आणि पालाच्या मागच्या काठावर आणखी तीन धोंडे आणून ठेवले. नैर्ऋत्येला ढग काळा झाला होता आणि त्याच्या पुढून मातीची भिंत येत होती. चैत्रातला वळीव, तो येतो तेव्हा पाव्हणा कोण आणि घरचा कोण बघत नाही.

पहिल्याच झपाट्यात तंबूच्या उघड्या बाजूंत वारा शिरला. उंच, रुंद, चारी बाजूंनी वारा खाणारा. तो फुगला, मेखा दाण्यासारख्या उडाल्या, एक कळक कडाडून मोडला आणि सव्वा मणाचं ते धूड ओढ्याकडं लोळत गेलं. मोहनराव बाहेर पडले ते चार पायांवर. मागोमाग गारा आणि पाणी. दोन्ही गडी आणि मोहनराव पळत आले आणि पालाच्या तोंडातून रांगत आत शिरले. सहा माणसं, सहा हातांची रुंदी. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. मोहनरावांचे बूट तेवढे बाहेर राहिले होते, तेही सिद्धूनं आत ओढून घेतले.

वारा पालावरून जात होता. बुटकं असल्यानं त्याला धरायला काही सापडत नव्हतं. सात दोऱ्या ताणल्या, सैल झाल्या, पुन्हा ताणल्या. एकही सुटली नाही. सोनबानं हात वर करून लोकरीला आतून हात लावला. वरून पाणी धो धो कोसळत होतं आणि आतून घोंगडी कोरडी होती. बारा पावसाळे खाऊन, तुडवून, धुऊन ती लोकर अशी गच्च मिळून आली होती की पाणी आत शिरत नव्हतं, उतारानं निथळून जात होतं. त्यानं विणलेली होती ती. त्याच्याच हातची वीण. पण वीण तिथवर आणली होती दुसऱ्याच हातानं. त्याच्या डोळ्यांपुढं, अगदी नाकासमोर, मधला जोड होता. फुलाबाईचे टाके, मुंगीच्या पावलांएवढे, एकाला एक लागून. त्या जोडातूनही थेंब येत नव्हता.

त्याला राग आठवून बघावासा वाटला, पण तो आता सापडेना. त्याऐवजी तिचा अभिमान वाटला त्याला, सरळ सरळ अभिमान, आणि बारा वर्षं मागं वळून न बघितल्याची लाजही. अंधारलेल्या पालात कुणाला दिसायचं कारण नव्हतं, म्हणून त्यानं डोळे पुसले.

तासाभरात वळीव निघून गेला. ऊन पडलं, माळ वाफाळला. कुणी बाहेर पडणार तोच सिद्धूनं हात आडवा धरला. ओढ्याच्या काठानं एकांडा डुक्कर येत होता, ओल्या चिखलात नाक घालीत, निवांत. आप्पासाहेब पोटावर पडले, पालाच्या तोंडातूनच दुनळी पुढं काढली. डुकरानं मान वर केली, पालाकडं बघितलं, आणि मेंढरं आहेत म्हणून पुन्हा चिखलात नाक घातलं. बार झाला तेव्हा अंतर चाळीस पावलंही नव्हतं. भुईमुगाचे वाफे नांगरणारा तोच तो, डावा सुळा मोडलेला, सिद्धूनं ओळखला.

तिसऱ्या दिवशी माघारी निघाले. तंबूचं कापड ओढ्यातून काढून वाळू झटकून घेतलं होतं, पण ते भिजून दीड मणाचं झालं असेल. सोनबाच्या खांद्यावर तेच पाच शेर. वाटेत मोहनराव त्याच्या बरोबरीनं चालू लागले आणि म्हणाले, की चुकलो. पुण्याच्या माणसानं एवढं म्हणणं पुष्कळ झालं. आप्पासाहेबांनी मात्र त्याहून पुढचं केलं. सणसरला न थांबता ते मोहनरावांना घेऊन सोनबाबरोबर इंदापुरापर्यंत आले, आणि येताना बाजारातून नारळ घेतला. मालकानं सणगराच्या दारी नारळ घेऊन यावं, असं आजवर घडलं नव्हतं. आळीतली माणसं मागोमाग आली.

वाटभर सोनबाची मनात झुंज चालली होती. पाल त्याचं, वीण त्याची, पैज त्याची. बोलायची गरजच काय? गाव म्हणेल, सोनबानं जुनं-जाणतं पाल मुद्दाम निवडलं, केवढी अक्कल. गुमान नारळ घ्यावा आणि देवळीत ठेवावा. असं ठरवूनच तो दारात पोचला.

दारापुढच्या कुंपणावर नवं पाल टाकलेलं होतं, त्यानं खळीचे तीन हात दिलेलं. तोच वळीव इंदापुरातही कोसळला होता आणि फुलाबाईनं ते मुद्दाम उघड्यावर ठेवलं होतं. दिवसभराचं ऊन खाऊनही ते अजून ओलं होतं. पाणी पिऊन खळ सुटली होती, काठावरून पांढुरक्या थेंबांनी ओघळली होती, सगळं पाल बुळबुळीत, आणि त्यावर मुंग्यांची रांग. कुंपणाची एक मेढ त्या वजनानं वाकली होती. सोनबानं ते हातानं उचलून बघितलं. उचलेना.

फुलाबाई दारात उभी होती, पदर सारखा करत.

आप्पासाहेबांनी नारळ पुढं केला. सोनबानं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"ह्यो माजा न्हाय, आप्पासाहेब," तो म्हणाला. आळीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "मी हे कुपावरचं पाल आननार हुतो. आनलं आसतं तर आज मी खड्डा बुजवत आसतो. आमच्या कारभारनीनं मला न इचारता पाल बदललं. जागा कशी बगायची, दोरी कशी बांदायची, समदं तिचं. मी निस्तं वझं वायलं."

सोनबा चुकल्याचं कबूल करतो, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. काही जणांना तर तो आजारी आहे की काय असं वाटलं. आप्पासाहेब दोन पावलं पुढं गेले, आणि त्यांनी नारळ दोन्ही हातांनी फुलाबाईच्या पदरात घातला. तिनं तो घेतला. तिचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

मोहनरावांनी मग भीत भीत विचारलं, की हे जुनं पाल आप्पासाहेबांना पुढच्या साली शिकारीला मिळेल का. म्हणजे कायमचंच.

"ते द्येयाचं न्हाय," फुलाबाई म्हणाली. "नवं इनून देतील. खळ मी नदीवर काडून दीन, खडं बी बांदून दीन. बारा पावसाळे वापरा. वाळल्याबिगर घडी घालू नगा. मग त्ये बी आसंच व्हईल."

"बारा वर्षं?" मोहनराव म्हणाले.

"आमाला बी तेवढीच लागली," ती म्हणाली, आणि हे बोलताना तिनं बघितलं सोनबाकडं.

माणसं पांगली. नारळ तिनं देवळीत ठेवला, नेहमीच्याच जागी, फक्त तोंड बाहेर करून. सोनबानं तोंड-हात धुतले आणि भाकरीची वाटही न बघता तो खड्ड्यात उतरला. पाय सोडून बसला. मागावर हात फिरवला. फुलाबाई चरख्यापाशी येऊन बसली तेव्हा त्यानं घसा साफ केला. हा प्रश्न त्यानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकांना विचारला होता, तरुणपणी बापाला विचारला होता. तिला कधी विचारला नव्हता.

"पाल किती हात धरू?"

तिला आठवावं लागलं नाही. "लांबी सात, रुंदी सहा," ती म्हणाली. "आन् खळ येकच हात."

सोनबानं कोपऱ्यातला कुंचा उचलला, त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, आणि तिच्या हातात दिला.